बरणीतली मेणबत्ती

टँकरचा हॉर्न वाजला की आमच्या गल्लीतल्या बायका घागरी घेऊन पळतात आणि मला मेणबत्ती आठवते. सून म्हणते, "आई, तुमचं काहीतरीच असतं." असेल बाई काहीतरीच. पण यंदा पुन्हा तसाच उन्हाळा आलाय. बोअरला नुसती हवा येतेय, दूध संघाच्या गाड्या अर्ध्या रिकाम्या खडखडत जातात, जनावरांच्या छावण्या उघडायच्या आधीच त्यांचे फलक लागलेत आणि फलकावरचे पुढारी मात्र सगळे टवटवीत. अशा संध्याकाळी वीज गेली, कुणी मेणबत्ती लावली, की मी तिच्याकडे बघत बसते. ती विझेपर्यंत उठत नाही. सुनेला वाटतं सासू देवाधर्माला लागली. कसलं काय!

मी अंबाजोगाईला एका प्रयोगशाळेत नोकरी केली. काम काय, तर हिवतापाचे जंतू पाळायचे. लोक कोंबड्या पाळतात, म्हशी पाळतात, मी हे पाळायची. लग्नाच्या वेळी सासूबाईंनी विचारलं, "पोरगी काय करते?" तेव्हा माझ्या वडिलांनी "दवाखान्यात असते" एवढ्यावर भागवलं. खरं सांगितलं असतं तर मी अजून माहेरी कडा गावातच बसले असते.

हे जंतू माणसाच्या रक्तातल्या लाल पेशीत राहतात. बाहेर काचेच्या बशीत वाढवायचे तर त्यांचे लाड पुरवावे लागतात. अंगाची ऊब हवी, रोज ताजं खाणं हवं, ताजं रक्त हवं आणि हवा मात्र अगदी बेतानं हवी. आपल्यासारखी भरपूर मोकळी हवा मिळाली की हे मरतात. मोठ्या शहरांत त्यासाठी गॅसची सिलिंडरं असतात. आमच्याकडे किराणा दुकानातली मेणबत्ती होती. जाड काचेची मोठी बरणी, तिच्या झाकणाला एक छोटी तोटी. बशा बरणीत ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती लावायची, झाकण घालायचं. मेणबत्ती आतली हवा खाते, मिणमिणते आणि विझते. विझली की त्याच क्षणी तोटी बंद. आत उरते ती हवा आमच्या पाहुण्यांना नेमकी मानवते. मग बरणी उचलून उबेच्या कपाटात. एवढंच. पण हे एवढंच दररोज. त्यांना रविवार नाही, दिवाळी नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नात मी अक्षता टाकल्या आणि जेवणाची पंगत बसायच्या आत एसटी धरली, कारण इकडे यांची जेवायची वेळ झाली होती. आई चार महिने माझ्याशी बोलली नाही. रक्तही मी माझंच द्यायची, माझा गट त्यांना चालायचा. नवरा म्हणायचा, "तुझं रक्त पिणारा मी एकटाच नाही, हे बरं झालं."

तशाच एका दुष्काळात, छावण्यांच्या त्या सालात, एक वेगळीच पंचाईत झाली. पाणीच नाही, म्हणून डबकी नाहीत. डबकी नाहीत म्हणून डास नाहीत. आणि डास नाहीत म्हणून हिवतापाचा एकही रोगी नाही! आमचे प्रमुख, सय्यद सर, रोज सकाळी विचारायचे, "सुमनबाई, आला का कुणी थंडीतापाचा?" मी म्हणायची, "नाही सर." सर म्हणायचे, "अल्लाचे उपकार." आणि मग खुर्चीत बसून असा लांब सुस्कारा सोडायचे की उपकार नक्की कुणावर झालेत ते कळायचं नाही. नवा रोगी नाही म्हणजे नवे जंतू नाहीत. जे होते ते माझ्या चार बशांत. आणि अडीनडीला म्हणून गोठवलेली एक कुपी, तीही आमच्याकडे नाही. आमचं गोठवायचं भांडं गळायला लागल्यावर सरांनी ती दूध संघाच्या नायट्रोजनच्या टाकीत ठेवायला दिली होती. त्या टाकीत संघ गायींसाठी नामांकित वळूंचं वीर्य ठेवायचा. तर आमचा हिवताप तिथं खिलार आणि जर्सीच्या शेजारी भाड्याशिवाय राहत होता.

त्याच उन्हाळ्यात, मे महिन्यात, सरांनी प्रशिक्षण ठेवलं. तीन तरुण शास्त्रज्ञ येणार, दहा दिवसांत जंतू वाढवायला शिकणार आणि जाताना प्रत्येकाने एकेक जिवंत बशी आपापल्या प्रयोगशाळेत न्यायची. महिनाअखेरीला सर निवृत्त होणार होते. "इतक्या लांब, त्या दुष्काळात कुठं शिकायला जायचं," असं मोठ्या शहरातल्या मोठ्या लोकांनी म्हटलं होतं आणि सरांनी हट्टानं ते अंबाजोगाईलाच घ्यायला लावलं होतं. पोरं रिकाम्या हातानं परतली असती तर सरांची उभी नोकरी एका वाक्यात संपली असती: त्यांच्याकडे जमत नाही. आणि बशा कुणाच्या हातच्या? माझ्या. त्या महिन्यात मी घरातला मिठाचा डबाही दोन्ही हातांनी धरायची.

उद्घाटनाला दूध संघाचे चेअरमन आप्पा. आप्पांशिवाय आमच्याकडे बारसंसुद्धा होत नसे. समई आणायची राहून गेली होती. सर म्हणाले, "बरणीतलीच मेणबत्ती लावू द्या की. उद्घाटनही होईल, कामही होईल." आप्पांनी बरणीत हात घालून मेणबत्ती लावली आणि भाषणाला उभे राहिले. संघ, दुष्काळ, छावणीतला चारा, विरोधकांची चाल, असं करत करत गाडी हिवतापावर आली. आवाज चढला.

"या बरणीतनं हिवतापाचं औषध निघणार हाय! आपल्या अंबाजोगाईतनं! मी तुमाला हात जोडून सांगतो, हा दिवा इझू देऊ नका!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जास्त टाळ्या वाजवत होते आमचे शिपाई दगडूमामा, मागं दाराशी, चहाचा ट्रे काखेत धरून. आणि मी, मला मेलीला कामाची घाई, टाळ्या चालू असतानाच बरणीवर झाकण ठेवलं. मेणबत्ती मिणमिणली आणि विझली. मी तोटी बंद केली. टाळ्या जागच्या जागी थांबल्या. पहिल्या रांगेतल्या एका संचालकानं "अरारारा" केलं. महिन्यावर संघाची निवडणूक होती. आप्पांचा चेहरा पाहून मला वाटलं, आता हे माझी बदली गडचिरोलीला करणार. सरांनी उठून सगळं समजावून सांगितलं, दिवा विझणंच कसं चांगलं वगैरे. पण दिवा विझल्यावर कोण ऐकतो? लोक चहाकडे निघून गेले होते.

शिकायला आलेल्यांतली मृणाल पुण्याची. बाकीचे दोघे मुलगे, एक नागपूरचा, एक हैदराबादचा. पहिल्या दिवशी तिघांनाही वाटलं होतं की आपण खेड्यात आलोय तर जरा मोठेपणानं वागावं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना पेशींना धक्का न लावता वरचं जुनं पाणी शोषून घ्यायला लावलं. साय न मोडता खालचं दूध काढायचं असतं ना, त्याच्या उलट. तिघांनी मिळून तीन बशा ढवळल्या. संध्याकाळपर्यंत तिघंही मला ताई म्हणायला लागले.

आणि तो उन्हाळा! शुद्ध पाणी करायच्या यंत्रात एक भांडं पाणी मिळवायला यंत्र गार ठेवायला दहा भांडी पाणी वाहून जायचं. एरवी ते मोरीत जाई. त्या साली दगडूमामांनी खिडकीतून नळी बाहेर काढली आणि खाली बादल्यांची रांग लागली. गल्लीतल्या बायका मृणालला विचारायच्या, "पोरी, तुमचं शास्त्र किती वाजता चालू होतंय?" शास्त्र उशिरा सुरू झालं तर शिव्या मला बसायच्या.

तिसऱ्या दिवसापासून बशा बिघडायला लागल्या. सुरुवातीला सूक्ष्मदर्शकाखाली कुठंही नजर टाकली तरी जंतू दिसायचे. मग ते शोधावे लागायला लागले. पाचव्या दिवशी दिसले ते काळपट, आकसलेले, मेल्यात जमा. मी सगळं बदललं. पाणी बदललं, रक्त बदललं, बाटल्या पुन्हा उकळल्या. सर रोज संध्याकाळी येऊन बशा बघून जात, आणि त्यानंच माझा जीव अर्धा होत होता. नागपूरच्या मुलानं फार अदबीनं विचारलं, "ताई, वयानं हाताला थोडा कंप येतो का हो?"

"माझ्या हाताला?" मी म्हटलं. "तुमची मुंज व्हायच्या आधीपासून हे हात जंतू पाळतायत! कंप तुमच्या जिभेला असेल."

बोलून गेले खरी. पण रात्री ताटात भाकरी मोडताना मी स्वतःच्या बोटांकडे पाहत होते.

त्यात मेणबत्त्या संपायला लागल्या. वास्तविक आमची मेणबत्ती रोज जेमतेम मिनिटभर जळायची, एक मेणबत्ती महिनाभर पुरायची. आणि आता रोज सकाळी बरणीत नुसतं थोटूक! माझा संशय सरळ त्या तिघांवर. वीज संध्याकाळी जायची, पोरं अभ्यासू, आमच्या मेणबत्त्या पळवून त्या जागी स्वतःची थोटकं ठेवत असतील. मी तिघांना ओळीत उभं करून झापलं. मृणालच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, आईशप्पथ, आम्ही टॉर्च वापरतो." मी म्हटलं, "टॉर्च दाखवा." तिघांनी तीन टॉर्च आणून दाखवले. मी तरीही नरमले नाही. माझा स्वभावच तसा.

सहाव्या दिवशी संध्याकाळी मी चष्मा विसरले म्हणून परत आले, मृणाल सोबत होती. वीज गेलेली. दिवेलागणीची वेळ. प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेतून उजेड हलताना दिसला.

आत टेबलावर, उबेच्या कपाटातून काढलेली माझी बरणी होती. झाकण सरकवलेलं. मेणबत्ती जळत होती. आणि समोर दगडूमामा, खराटा भिंतीला टेकवलेला, डोक्यावर टोपी नीट बसवलेली, हात जोडून उभे.

मी काय बोलले ते इथं लिहिता येण्यासारखं नाही. मृणालनं पुण्यात असलं काही ऐकलंच नव्हतं, ती भिंतीला चिकटली. मामा घाबरले नाहीत, गोंधळले.

"ताई, आप्पानं समद्यांपुढं सांगितलं न्हाई का, दिवा इझू देऊ नका म्हणून? तुमी झाकण घालता, रोज इझतोय. तुमाला कामाच्या गडबडीत ध्यानात येत नसंल. म्हणून मी सांजच्याला लावतो. झाडलोट होईस्तोवर जळतोय, मग व्हतं तसं समदं बंद करून ठिवतो. ती तोटीबी फिरवून ठिवतो. का वो, काय चुकलं का?"

"काय चुकलं? मामा, सगळे मारलेत तुम्ही! रोज तासभर मोकळी हवा! उद्या सरांना सांगून तुम्हाला पार गेवराईला पाठवते की नाही बघा!"

"गेवराईकडलाच हाय मी," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, खाली बघत म्हणाले, "गोदेच्या कडंला आमची वस्ती. माझी राधी तिथंच गेली. सात वर्सांची. हिवतापानं. गाडी मिळंस्तोवर गेली. म्या म्हनलं, या दिव्यातनं औषध निघणार आसंल, तर आपल्या हातनं तेवढा तरी जळता ठिवावा."

मृणालनं माझा हात घट्ट धरला.   इतकी वर्षं ज्या माणसानं मला चहा आणून दिला, त्याला एक मुलगी होती हे मला माहीत नव्हतं. जंतूंच्या जेवणाच्या वेळा मात्र पाठ होत्या. मला स्वतःची लाज वाटली, आणि मेणबत्ती अजून जळतच होती, ती विझवायचंही कुणाला सुचेना.

सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "कसूर माझाच आहे, सुमनबाई. तीन शास्त्रज्ञांना मी रोज समजावलं दिवा का विझवायचा. जो माणूस रोज त्या खोलीत झाडू मारतो, त्याला एकदाही सांगितलं नाही." मग उठले. "कुपी आणा. चार दिवस आहेत."

दूध संघात गेलो तर टाकी तिथं नाही. जनावरं छावणीत, म्हणून टाकीही छावणीत. संघाच्या टेम्पोतून सर, मी, मृणाल आणि "मीबी येतो" म्हणून मागं उभे मामा, असे आम्ही दुपारी छावणीत पोचलो. उसाच्या वाड्यांच्या चाऱ्याचा वास, शेणाचा वास, खुंट्याखुंट्याला हाडं निघालेल्या गायी, आणि मध्ये मांडवात आप्पा बैठक घेऊन. सरांनी घडलेलं सांगितलं. भाषणाचा भाग आला तसे आप्पा सावरून बसले. ऐकून झाल्यावर त्यांनी दगडूमामांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मामा, इतकी वर्सं झाली मी भाषणं ठोकतोय. माझं आयकून कुणी काय केलं, आसं आजच बगितलं."

टाकीत लाकडी पट्टी घालून वर काढली तर बर्फाची पांढरी खूण तळाशी जेमतेम चार बोटं. नायट्रोजन संपत आला होता आणि गाडी यायला आठवडा. आमची कुपी न्यायची तर थर्मासमध्ये त्यातलाच थोडा ओतून द्यावा लागणार. टाकी सांभाळणारा म्हणाला, "आप्पा, मग आपल्या वळूंचं काय?" आप्पा म्हणाले, "आरं, उपाशी गाय कधी माजावर..." आणि मृणालकडे लक्ष जाऊन त्यांनी वाक्य खोकल्यात बुडवलं. "द्या, द्या. शास्त्राला द्या." मांडवातले सगळे चाऱ्याकडे बघायला लागले.

कुपी कोमट पाण्यात वितळवली, मिठाचं पाणी थेंब थेंब घातलं, धुतली, नव्या बशीत माझं नवं रक्त. सगळं मी मृणालच्या हातून करून घेतलं. तिचा हात कापत होता. मी म्हटलं, "कापू दे. माझाही पहिल्यांदा कापला होता." नागपूरकरानं ते ऐकलं आणि दुसरीकडे पाहिलं. मग मेणबत्ती लावली, झाकण ठेवलं आणि मामांना समोर बोलावलं. सर स्वतः सांगत होते, बरणीवर बोट ठेवून, अगदी पहिल्यापासून. आत कोण आहे, त्यांना काय लागतं, दिवा का विझायला हवा. मामांनी एकच विचारलं, "म्हंजी आत औषध न्हाई. आत त्येच हायेत. राधीला नेणारे."

"हो," सर म्हणाले. "तेच. त्यांना जिवंत ठेवून, त्यांच्यावर औषधं घालून बघतात. कशानं मरतात ते कळायला आधी ते जगवावे लागतात."

 मामा खराटा घेऊन बाहेर गेले. त्या दिवशी त्यांनी अंगण दोनदा झाडलं.

पहिला दिवस काही नाही. दुसरा दिवस काही नाही. नुसत्या रिकाम्या लाल पेशी, आकाशात एक ढग नसावा तशा. तिसऱ्या दिवशी सकाळी मृणाल सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती ती एकदम किंचाळली. हातातला चहा माझ्या साडीवर. "ताई! अंगठी!" लहान जंतू पेशीत अंगठीसारखा दिसतो, बारीक निळं कडं आणि त्याला लाल खडा. मी पाहिलं. होती. एक. मग शेजारी दुसरी. सर आले, त्यांनी पाहिलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसला. नागपूरकर आणि हैदराबादकर एकमेकांना मिठ्या मारत होते. मी म्हटलं, "आधी यांना खायला घाला, मग नाचा."

दाराशी मामा उभे होते. मीच म्हटलं, "मामा, बघता?"

त्यांनी टोपी काढून ठेवली आणि वाकले. एक डोळा कसा मिटायचा ते जमेना, मग हाताने झाकला. खूप वेळ बघत राहिले.

"एवढुशी?" ते म्हणाले. "एवढुशीनं नेली?"

 मी बशीतलं पाणी बदललं, ती बरणीत ठेवली, मेणबत्ती लावली आणि झाकण घातलं. तोटीवर हात ठेवणार, तेवढ्यात मामांनी माझ्या आधी हात ठेवला. ज्योत खाली बसली, निळी झाली, वातीवर एक ठिणगी उरली. एरवी मला हा वेळ कळतही नसे, तेव्हा तो सरता सरेना. ज्योत गेली. वर धुराची एक रेघ. मामांनी तोटी फिरवली, घट्ट, आणि बरणीकडे बघत म्हणाले, "झाला शांत. जगा आता."

त्या एका बशीच्या तीन केल्या आणि तीनही सुखरूप गेल्या. मृणाल तिची बशी थर्मासमध्ये मांडीवर धरून पुण्यापर्यंत बसून गेली, एसटीत शेजारचा माणूस म्हणे सारखं विचारत होता की डब्यात काय आहे. आता ती मोठी शास्त्रज्ञ आहे, तिच्याकडे गॅसची सिलिंडरं आहेत. तरी नव्या मुलांना पहिल्या दिवशी ती मेणबत्तीच लावायला देते, आणि खोली झाडणाऱ्या बाईंनाही आधी समोर बोलावते, असं परवाच फोनवर सांगत होती. सर निवृत्त झाले. मामा पुढं माझ्या आधी निवृत्त झाले, पण जाईपर्यंत रोजची तोटी त्यांनीच फिरवली. मला हात लावू दिला नाही. मी चिडायची, तर म्हणायचे, "ताई, तुमी गडबडीत असता."

आत्ताच वीज गेली. सुनेनं मेणबत्ती आणून ठेवली आणि वारा लागू नये म्हणून तिच्याभोवती तळहात धरलेत. मी म्हटलं, "राहू दे गं, विझली तर विझू दे."

"असं बोलू नये, आई," ती म्हणाली. "तिन्हीसांजेला."

मी तिला शेजारी बसवून घेतलं. म्हटलं, बस, तुला राधीची गोष्ट सांगते.